पर्फमध्ये इव्हेंट वाढवले की आकडे हलतात : कर्नल काउंटर वाटतं कसं?

गोदाकाठ_नांदेड (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मराठवाड्यातल्या ७६ तालुक्यांच्या रोजच्या पावसावरून जमिनीतल्या ओलाव्याचा ताळेबंद काढणारा एक सी भाषेतला प्रोग्राम आहे. सिंगल थ्रेड. आधी सीएसव्ही फाईल वाचतो, त्यात साधारण ८० मिलिसेकंद जातात. मग तालुक्यागणिक गणित सुरू होतं आणि सगळं मिळून ३५० मिलिसेकंदांत आटपतं. वेळ कॅशमध्ये (प्रोसेसरजवळची छोटी मेमरी) जायलाय की ब्रँचमध्ये (जर-तरचे फाटे), ते शोधायचंय.

मशीन : इंटेल कोअर आय७-४७९० (हॅसवेल पिढी), हायपरथ्रेडिंग (एका कोअरवर दोन थ्रेड) चालू, उबंटू २२.०४, कर्नल ५.१५. व्हीएम नाही, थेट मशीनवरच चालवतो.

'पर्फ स्टॅट'ला (प्रोसेसरमधल्या घटना मोजणारे काउंटर वाचणारं लिनक्सचं साधन) नऊ इव्हेंट दिले, या क्रमानं : सायकल्स, इन्स्ट्रक्शन्स, ब्रँचेस, ब्रँच-मिसेस, कॅश-रेफरन्सेस, कॅश-मिसेस, एल१-डीकॅश-लोड-मिसेस, डीटीएलबी-लोड-मिसेस आणि एल१डी_पेंड_मिस.पेंडिंग. अडचणी अशा :

एक, प्रत्येक ओळीच्या शेवटी कंसात ४४ ते ५६ टक्के दिसायलंय. इन्स्ट्रक्शन्ससमोरसुद्धा. त्याला तर स्वतःचा राखीव काउंटर असतो ना?

दोन, कॅश-मिसेस एकटा मोजला की दर वेळी एका टक्क्याच्या आत तोच आकडा येतो. नऊ जणांत मोजला की १२-१५ टक्के इकडंतिकडं.

तीन, ब्रँचेसपासून डीटीएलबीपर्यंतचे सहा इव्हेंट महिरपी कंसात टाकून एक ग्रुप केला, तर पहिल्या चारांचे आकडे येतात आणि शेवटच्या दोघांसमोर 'नॉट सपोर्टेड'.

चार, हे सगळ्यात कोड्यात टाकणारं. सायकल्स, ब्रँचेस, ब्रँच-मिसेस, कॅश-रेफरन्सेस, कॅश-मिसेस असा पाचांचा ग्रुप केला तर पाचही ओळींवर 'नॉट काउंटेड'. सपोर्टेड आहे, पण मोजलाच नाही, याचा अर्थ काय?

काउंटर कुणाला द्यायचा हे कर्नल कोणत्या नियमानं ठरवतं आणि भरवशाचा आकडा घ्यायचा कसा, एवढं कळलं तर बरं होईल.

---

परभणीकर

आधी हाताशी काय आहे ते मोजा. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या संदेशांची नोंद) बूटच्या वेळच्या ओळी बघा : जनरिक रजिस्टर्स ४, फिक्स्ड-पर्पज इव्हेंट्स ३, बिट विड्थ ४८. हॅसवेलमध्ये हायपरथ्रेडिंग चालू असताना प्रत्येक थ्रेडच्या वाट्याला ४ सर्वसाधारण काउंटर येतात. ३ फिक्स्ड काउंटरांची कामं ठरलेली : एक इन्स्ट्रक्शन्स, दुसरा सायकल्स, तिसरा रेफ-सायकल्स (ठरावीक वेगाच्या घड्याळाचे ठोके). बाकी कोणताही इव्हेंट त्या चारांतच बसवायचा.

आता तुमच्याआधी कोण बसलंय ते बघा. एनएमआय वॉचडॉग. कोअर लटकला तर कळावं म्हणून कर्नल प्रत्येक सीपीयूवर सायकल्सचा एक इव्हेंट कायम लावून ठेवतं. तो पिन केलेला असतो, म्हणजे त्याला कुणी उठवत नाही. सायकल्सचा फिक्स्ड काउंटर त्याच्याकडं गेला. मग तुम्ही मागितलेल्या सायकल्सला चारांपैकी एक द्यावा लागतो.

इथंच तुमच्या चौथ्या मुद्द्याचं उत्तर आहे. ग्रुपचा नियम असा : बसले तर सगळे, नाहीतर कुणीच नाही. ग्रुप उघडताना कर्नल पूर्ण रिकामा पीएमयू (काउंटरांचा संच) धरून तपासतं की हा ग्रुप बसू शकतो का. रिकाम्या पीएमयूवर सायकल्स फिक्स्डमध्ये आणि बाकी चार चारांत, म्हणजे बसतो. म्हणून उघडताना कुणी हरकत घेत नाही. प्रत्यक्ष लावायची वेळ आली की फिक्स्डवर वॉचडॉग बसलेला, म्हणजे चार जागांना पाच गिऱ्हाईक. ग्रुप कधीच लागत नाही आणि शेवटी 'नॉट काउंटेड' छापलं जातं. तिसऱ्या मुद्द्यातला सहांचा ग्रुप रिकाम्या पीएमयूवरसुद्धा बसत नाही, त्यामुळं पाचवा इव्हेंट उघडतानाच कर्नल ईआयएनव्हीएएल (अवैध मागणी) हा एरर परत करतं आणि पर्फ त्याला 'नॉट सपोर्टेड' म्हणतं. हे दोन शब्द वेगवेगळ्या आजाराचे आहेत. 'सपोर्टेड' नाही म्हटलं तर ग्रुपची रचनाच अशक्य आहे (किंवा तो इव्हेंट त्या चिपवर नाहीच). 'काउंटेड' नाही म्हटलं तर रचना शक्य आहे, पण मोजणीच्या वेळी जागा कुणीतरी अडवली.

वॉचडॉग बंद करायला रूट होऊन '/प्रॉक/सिस/कर्नल/एनएमआय_वॉचडॉग' या फाईलमध्ये ० लिहा. मोजणी झाली की परत १ करा. सर्व्हरवर ही गोष्ट विसरू नका, नाहीतर पुढं मशीन खरंच लटकलं तर लॉगमध्ये त्याची नोंद सापडेलच असं नाही.

टक्क्यांचा हिशेब आता. वॉचडॉग चालू असताना तुमच्या नऊपैकी इन्स्ट्रक्शन्स फिक्स्डवर जातो, उरलेले आठ चार जागांसाठी. जागा कमी पडली की कर्नल पाळी लावतं, यालाच मल्टिप्लेक्सिंग म्हणतात. टायमर दर ४ मिलिसेकंदांनी वाजतो (उबंटू २२.०४ च्या कर्नलमध्ये एचझेड, म्हणजे सेकंदाला टिक, २५० आहे, एक टिक ४ मिलिसेकंदांची), रांगेतला पहिला ग्रुप उचलून शेवटी टाकतो आणि पुन्हा पहिल्यापासून बसवायला घेतो. एकटा इव्हेंट म्हणजे एकाचाच ग्रुप.

कळीची गोष्ट पुढं आहे. बसवताना एक जरी ग्रुप बसला नाही, तरी त्याच्यामागच्या एकाही हार्डवेअर ग्रुपला त्या पाळीत विचारत नाहीत. मागं इन्स्ट्रक्शन्स असला आणि त्याचा फिक्स्ड काउंटर रिकामा पडलेला असला तरीही. कागदावर मांडून बघा. नऊ जण गोल बसलेत, कुठूनही सुरुवात केली की चार सर्वसाधारण बसतात, पाचव्यावर अडतं. सुरुवातीच्या नऊ जागांपैकी इन्स्ट्रक्शन्स पाचांत येतो, म्हणजे ५/९, ५५.६ टक्के. बाकीचे कुठं बसलेत त्यावर ४/९ किंवा ५/९. तुमचे ४४ आणि ५६ तिथून आले. राखीव काउंटर असूनही इन्स्ट्रक्शन्स अर्धा वेळ बाहेर का, त्याचं कारण हेच.

मग आकडा कसा बनतो? प्रत्येक इव्हेंटसाठी कर्नल दोन वेळा जपून ठेवतं : इव्हेंट किती वेळ चालू होता, आणि त्यातला किती वेळ खरोखर काउंटरवर होता. समजा काउंटरवर १२,४०,००० मिस मोजले गेले, चालू वेळ ३५० मिलिसेकंद, काउंटरवरचा वेळ १५६ मिलिसेकंद. पर्फ छापतं ते १२,४०,००० × ३५० ÷ १५६, म्हणजे साधारण २७,८२,०५१. हा मोजलेला आकडा नव्हे, अंदाज आहे. '-व्ही' दिलं की कच्चा आकडा आणि दोन्ही वेळा छापून येतात, त्या बघायची सवय ठेवा.

जायकवाडीच्या कालव्याला आवर्तन सुटलं की शेजपाळीनं पाणी मिळतं. आपल्या पाळीत आलेलं पाणी मोजून आवर्तनाच्या एकूण दिवसांशी गुणलं, तर चारीतून किती वाहिलं त्याचा अंदाज निघतो. पण सगळे दिवस प्रवाह सारखा असेल तरच. तुमच्या प्रोग्रामचा प्रवाह सारखा नाही. पहिली ८० मिलिसेकंदं फाईल वाचण्यात, पुढची गणितात. ८० मिलिसेकंदांत जेमतेम २० पाळ्या होतात, त्यात नऊंची पूर्ण फेरी दोनदाच. कॅश-मिसेसच्या वाट्याला त्यातल्या कोणत्या पाळ्या येतात हे प्रत्येक वेळी थोडं सरकतं आणि तेवढाच फरक पुढं गुणाकारात फुगतो. १२-१५ टक्के त्यातूनच.

---

मांजराकाठ

परभणीकरांनी पाया घातलाच आहे. ग्रुपबद्दल दोन गोष्टी जोडतो, कारण लोक ग्रुप फक्त नीटनेटकं दिसावं म्हणून करतात आणि तिथंच फसतात.

ग्रुप कशासाठी? ज्या दोन आकड्यांचा भागाकार करणार आहात ते एकाच वेळी मोजलेले असावेत म्हणून. कॅश-मिसेस पहिल्या पाळीत, कॅश-रेफरन्सेस तिसऱ्या पाळीत मोजून मिस रेट काढला, तर अंश एका काळातला आणि छेद दुसऱ्या. ग्रुपमध्ये दोन्ही एकत्र लागतात, एकत्र उतरतात, काउंटरवरचा वेळ दोघांचा सारखा. मल्टिप्लेक्सिंग झालं तरी गुणोत्तर खरं राहतं, भले ते तेवढ्याच काळापुरतं असेल. म्हणून भागाकाराच्या जोड्या कधी तोडू नका : सायकल्स–इन्स्ट्रक्शन्स, ब्रँचेस–ब्रँच-मिसेस, रेफरन्सेस–मिसेस. आणि शेलमध्ये महिरपी कंसाला एकेरी अवतरण लावा, नाहीतर बॅश तो कंस स्वतःच फोडून टाकतो आणि ग्रुप होतच नाही.

दुसरी गोष्ट ग्रुपच्या आकाराची. 'एक अडला की मागचे थांबले' या नियमामुळं काउंटर रिकामे पडून राहतात. चार काउंटर, तीन ग्रुप घ्या : अ चारांचा, ब तिघांचा, क एकट्याचा.

पाळी १, रांग अ-ब-क : अ बसला, चारही भरले.
पाळी २, रांग ब-क-अ : ब बसला, क बसला, चारही भरले.
पाळी ३, रांग क-अ-ब : क बसला, अ ला चार हवेत, तीनच आहेत, अडला. ब ला तीन पुरले असते, पण त्याला विचारतच नाहीत. तीन काउंटर ४ मिलिसेकंद रिकामे.

हिशेब : अ ३३ टक्के, ब ३३ टक्के, क ६७ टक्के. हेच ब आणि क एका ग्रुपात बांधले तर दोनच ग्रुप, दोन्ही चारांचे, दोघांना ५०-५० टक्के. एकही इव्हेंट कमी न करता अ आणि ब चा वेळ दीडपट झाला. म्हणजे ग्रुप बांधताना पोती लादल्यासारखं बघायचं, गाडीत पूर्ण बसतील अशी.

हा नियम कर्नलमध्ये मुद्दाम आहे, चूक नाही. पुढचा अडला तरी मागच्या लहान ग्रुपांना घुसू दिलं तर ते जागा भरत राहतील आणि मोठा ग्रुप पाळी येऊनही ताटकळेल. पहिल्या नंबरला आलेल्याला रिकामं मैदान मिळणार ही हमी त्यातून येते.

काही मोजणी मल्टिप्लेक्स होऊच नये असं वाटत असेल तर इव्हेंटच्या नावामागं कोलन लावून मोठा डी द्या, तो पिन होतो. पिन केलेल्यांचा मान पहिला. पण त्याला जागा मिळाली नाही तर कर्नल त्याला एरर स्थितीत टाकतं, मग तो आपोआप परत येत नाही. उलट ग्रुपमागं कोलन लावून मोठा डब्ल्यू दिला तर तो 'वीक' ग्रुप : उघडताना बसला नाही तर पर्फ त्याला फोडून सुटे इव्हेंट करतं. तुमच्या सहांच्या ग्रुपला हे लावलं असतं तर आकडे आले असते, पण एकत्र मोजलेले नसते.

---

गोदाकाठ_नांदेड

दोघांचेही मनापासून आभार. वॉचडॉग बंद केल्यावर पाचांचा ग्रुप लागला, कंसातले टक्के गेले. वीक ग्रुपचं माहीतच नव्हतं.

पण आता दोन नव्या गाठी पडल्यात. एल१-डीकॅश-लोड्स, एल१-डीकॅश-लोड-मिसेस, कॅश-रेफरन्सेस, कॅश-मिसेस असा चारांचा ग्रुप केला. वॉचडॉग बंद आहे, काउंटर चार आहेत, इव्हेंट चार आहेत, तरी 'नॉट काउंटेड' यायलंय. लोड्स काढून डीटीएलबी घातला की लगेच चालतंय.

आणि एल१डी_पेंड_मिस.पेंडिंग व एल१डी_पेंड_मिस.पेंडिंग_सायकल्स या दोघांचाच ग्रुप केला तर दुसऱ्यासमोर 'नॉट सपोर्टेड'. दोनच तर आहेत!

---

जालना_सिस्टिम्स

दोन्हींचं मूळ एकच : चारही काउंटर सगळ्यांना सारखे नसतात.

सोपं आधी. हॅसवेलवर एल१डी_पेंड_मिस हा इव्हेंट फक्त काउंटर २ वर मोजता येतो, हार्डवेअरच तसं आहे. पेंडिंग_सायकल्स हा वेगळा इव्हेंट नाही, त्याच इव्हेंटला सीमास्क १ (निदान एक मिस लटकलेला असेल तेवढ्याच सायकल्स मोजायची अट) लावलाय. दोघांनाही काउंटर २ च हवा, म्हणून एका ग्रुपात ते कधीच येणार नाहीत. पेंडिंगला पेंडिंग_सायकल्सनं भागलं की एका वेळी सरासरी किती मिस हवेत लटकलेत ते कळतं. आकडा फार कामाचा, पण हॅसवेलवर दोन वेगळ्या रनमधूनच काढावा लागतो.

आता कर्नल अशा अटी कशा सांभाळतं ते थोडं जवळून बघू, कारण पुढं दुसऱ्या चिपवर गेलात तरी हेच लागणार. एक्स८६ च्या कोडमध्ये प्रत्येक इव्हेंटला एक मास्क असतो : कोणत्या काउंटरांवर चालेल त्याचे बिट. मास्कमध्ये जितके बिट तितकं त्याचं वजन. पेंड_मिसचं वजन १, ब्रँचेसचं ४, सायकल्सचं ५ (एक फिक्स्ड, चार सर्वसाधारण). आधी कर्नल एक जवळची वाट बघतं : मागच्या वेळी ज्याला जो काउंटर मिळाला होता तोच पुन्हा देता येतो का? सगळ्यांचं जमलं तर तिथंच काम संपलं, रजिस्टरही परत लिहायची गरज कमी पडते. नाही जमलं तर वजनाच्या चढत्या क्रमानं वाटप. ज्याला पर्याय कमी त्याला आधी. नाहीतर ब्रँचेस काउंटर २ वर आरामात बसायचा आणि पेंड_मिस बाहेर राहायचा. फिक्स्ड जागा असेल तर ती आधी देतात, म्हणजे सर्वसाधारण मोकळे राहतात. रेफ-सायकल्स मात्र फक्त तिसऱ्या फिक्स्डवरच चालतो, सर्वसाधारणावर नाही, त्यामुळं दोन रेफ-सायकल्स एकत्र लागत नाहीत.

हे वाटप हावरट पद्धतीचं आहे, दिलेला काउंटर परत घेत नाही. इंटेलच्या बहुतेक मास्कांना ते पुरतं. एएमडीच्या फॅमिली १५एच ला पुरलं नाही. तिथं ६ काउंटर. एका जातीच्या इव्हेंटला ० आणि ३ चालतात, दुसऱ्या जातीला ०, १, २. पहिल्या जातीचा एक आणि दुसरीचे तीन आले तर? वजन २ वाला आधी, तो काउंटर ० घेतो. मग तिघांना १ आणि २ उरतात, तिसरा बाहेर. खरं उत्तर होतं : पहिल्याला ३ द्यायचा, तिघांना ०, १, २. म्हणून अशा मास्कांवर 'ओव्हरलॅप' अशी खूण करतात. खूण असलेला इव्हेंट बसवताना कर्नल त्या क्षणाची स्थिती जपून ठेवतं आणि पुढं अडलं तर मागं येऊन दुसरा काउंटर देऊन बघतं. जपून ठेवायच्या स्थिती जास्तीत जास्त दोनच, कारण हे सगळं कॉन्टेक्स्ट स्विचच्या वाटेवर इंटरप्ट बंद ठेवून चालतं. तिथं सगळे पर्याय धुंडाळत बसणं परवडत नाही.

आता तुमची पहिली गाठ. हॅसवेलवर एल१-डीकॅश-लोड्स म्हणजे आतून मेम_यूऑप्स_रिटायर्ड.ऑल_लोड्स, इव्हेंट कोड ०एक्सडी०. ०एक्सडी० ते ०एक्सडी३ हे मेमरीचे इव्हेंट सँडी ब्रिज, आयव्ही ब्रिज, हॅसवेल या तीन पिढ्यांत सदोष आहेत. हायपरथ्रेडिंग चालू असताना एका थ्रेडवर, समजा काउंटर २ वर, यातला इव्हेंट लावला, तर शेजारच्या थ्रेडच्या काउंटर २ मध्ये त्याची मोजणी गळते. शेजाऱ्याचा आकडा नासतो, तोही गुपचूप. इंटेलच्या दोषयादीत हे बीजे१२२, बीव्ही९८, एचएसडी२९ या क्रमांकांनी आहे. तुमच्या डीमेसेजमध्ये याच तीन क्रमांकांची ओळ असेल, शेवटी 'वर्क्ड अराउंड, एचटी इज ऑन'.

कर्नल ४.१ पासून यावर उपाय आहे. असा सदोष इव्हेंट ज्या काउंटरवर आहे, तोच क्रमांक शेजारच्या थ्रेडवर दुसऱ्या कुणाला देत नाहीत. पण मग एका थ्रेडनं चारही काउंटरांवर असे इव्हेंट लावले तर शेजारी उपाशी. म्हणून आणखी एक अट : असा इव्हेंट हजर असेल तर सर्वसाधारण काउंटर निम्मेच वापरायचे, म्हणजे ४ पैकी २. ही अट रिकाम्या पीएमयूच्या तपासणीत लावलेली नाही, फक्त प्रत्यक्ष बसवताना. म्हणून ग्रुप बिनबोभाट उघडतो आणि कधीच लागत नाही. लोड्स काढल्यावर सदोष इव्हेंट उरला नाही, चारही मोकळे झाले.

उपाय दोन. लोड्स हवाच असेल तर त्याचा ग्रुप दोनच सर्वसाधारण इव्हेंटांचा ठेवा, लोड्स आणि लोड-मिसेस. किंवा बायोसमध्ये जाऊन हायपरथ्रेडिंग बंद करा. मग उपाययोजनेची गरज उरत नाही आणि वर हॅसवेलवर प्रति कोअर ८ सर्वसाधारण काउंटर मिळतात, डीमेसेजमध्ये आकडा बदललेला दिसेल. मात्र बायोसमधूनच करायला हवं. चालू मशीनवर सिसएफएसमधून (/सिस खालच्या फाईलींतून) एसएमटी, म्हणजे हायपरथ्रेडिंग, बंद केलं तर शेजारचा थ्रेड झोपतो, पण काउंटर ४ चे ८ होत नाहीत आणि उपाययोजनाही तशीच राहते, कारण दोन्ही गोष्टी बूटच्या वेळीच ठरतात.

इंटेलच्या आइसलेक पिढीत प्रत्येक थ्रेडला ८ सर्वसाधारण काउंटर आणि चौथा फिक्स्ड मिळतो, तिथं ही ओढाताण बरीच कमी. एएमडीच्या झेनला ६. रास्पबेरी पाय ४ मधल्या कॉर्टेक्स-ए७२ ला ६ अधिक सायकल्सचा एक. कॉलेजच्या लॅबमध्ये शिकवायला तो बोर्ड चांगला, अटी कमी असल्यानं मल्टिप्लेक्सिंग स्वच्छ दिसतं.

---

परभणीकर

आता प्रत्यक्ष मोजणी कशी करायची ते सांगतो. ३५० मिलिसेकंदांचा आणि प्रत्येक वेळी तेच काम करणारा प्रोग्राम आहे, मग मल्टिप्लेक्सिंगच्या फंदात पडूच नका. वेगवेगळे रन घ्या. वॉचडॉग बंद असताना सायकल्स आणि इन्स्ट्रक्शन्स फिक्स्डवर फुकटात मिळतात, म्हणून ते प्रत्येक रनच्या ग्रुपात ठेवा :

रन १ : सायकल्स, इन्स्ट्रक्शन्स, ब्रँचेस, ब्रँच-मिसेस
रन २ : सायकल्स, इन्स्ट्रक्शन्स, कॅश-रेफरन्सेस, कॅश-मिसेस, एल१-डीकॅश-लोड-मिसेस, डीटीएलबी-लोड-मिसेस
रन ३ : सायकल्स, इन्स्ट्रक्शन्स, पेंड_मिस.पेंडिंग
रन ४ : सायकल्स, इन्स्ट्रक्शन्स, पेंड_मिस.पेंडिंग_सायकल्स

प्रत्येकाला '-आर २०' द्या, वीसदा चालवून सरासरी आणि चढउतार छापतं. चारही रनमधले इन्स्ट्रक्शन्स जवळजवळ तेच आले पाहिजेत. सायकल्समध्ये दोन टक्क्यांहून जास्त फरक दिसला तर मशीनवर दुसरं काही चाललंय असं समजा आणि तो रन टाकून द्या. दोन रनचे आकडे एकमेकांना भागायचे असतील तर आधी प्रत्येकाला त्याच्याच रनच्या सायकल्सनं भागा.

'टास्कसेट -सी २' लावून एका कोअरला बांधा आणि त्या कोअरचा जोडीदार थ्रेड कोणता ते 'थ्रेड_सिब्लिंग्ज_लिस्ट' या फाईलमध्ये बघा. एल१ कॅश दोघांत सामाईक आहे, जोडीदारावर ब्राउझर चालू असेल तर एल१ चे मिस तुमचे नाहीत.

प्रोग्रामच्या आत, फक्त गणिताचा भाग मोजायचा असेल तर पर्फ_इव्हेंट_ओपन हा सिस्टिम कॉल थेट वापरा. लीडर (ग्रुपचा पहिला इव्हेंट) बंद अवस्थेत उघडा, बाकीचे त्याच्या ग्रुप_एफडीवर उघडा, फाईल वाचून झाली की आयओसीटीएलनं ग्रुपचा झेंडा लावून रिसेट आणि एनेबल करा. रीड_फॉर्मॅटमध्ये ग्रुप, टोटल_टाइम_एनेबल्ड आणि टोटल_टाइम_रनिंग हे तिन्ही द्या, म्हणजे एकाच रीडमध्ये सगळे आकडे एका क्षणाचे मिळतात. वाचल्यावर पहिली तपासणी : रनिंग शून्य आहे का? असेल तर ग्रुप लागलाच नाही, तिथं भागाकार करू नका. रनिंग हे एनेबल्डपेक्षा कमी असेल तर मल्टिप्लेक्सिंग झालंय, आणि वरचे ग्रुप पाळले असतील तर ते व्हायला नको, म्हणून तो आकडा न गुणता फेकून द्या. पिन केलेल्या लीडरवर रीड ० बाइट देत असेल तर तो एरर स्थितीत गेलाय.

---

मांजराकाठ

एक राहिलं. पाळीचा कालावधी बदलता येतो, '/सिस/बस/इव्हेंट_सोर्स/डिव्हायसेस/सीपीयू' खाली पर्फ_इव्हेंट_मक्स_इंटर्व्हल_एमएस नावाची फाईल आहे. ४ चा १ केला तर ३५० मिलिसेकंदांत ८७ ऐवजी ३५० पाळ्या होतात, अंदाज थोडा सुधारतो. पण प्रत्येक पाळीला पीएमयू थांबवणं, जुने आकडे वाचणं, नवी रजिस्टरं लिहिणं हे सगळं होतं आणि एमएसआरवर (प्रोसेसरच्या खास रजिस्टरांवर) लिहिणं स्वस्त नसतं. ज्या कोअरची मोजणी चाललीय त्याच कोअरच्या वेळातून ते जातं. तास-दोन तास चालणाऱ्या कामाला उलट ४ च ठेवा, तिथं पाळ्या भरपूर होतात.

आणि मशीन लॅबमधलं सामाईक असेल तर सुरुवातीलाच बघा की दुसरं कुणी '-ए' देऊन पूर्ण सीपीयूवर पर्फ चालवतंय का. बसवण्याचा क्रम असा आहे : सीपीयूचे पिन केलेले, टास्कचे पिन केलेले, मग सीपीयूचे साधे, शेवटी टास्कचे साधे. तुमचा प्रोग्राम शेवटच्या वर्गात येतो. शेजारच्या माणसानं चारही काउंटर सीपीयूभर लावून ठेवले असतील तर तुम्ही कालव्याच्या टेलला आहात, पाणी तिथवर पोचतच नाही. अशा वेळी 'नॉट काउंटेड' दिसलं की ग्रुप बदलत बसण्याआधी 'पीएस' करून चालू असलेले पर्फ शोधा.

---

गोदाकाठ_नांदेड

चारही रन झाले, प्रत्येकी २०. इन्स्ट्रक्शन्स चारही ठिकाणी सारखे, सायकल्समध्ये एक टक्क्याच्या आत फरक, कुठंच कंसात टक्के नाहीत. ब्रँच-मिसेस किरकोळ निघाले. पेंडिंगला पेंडिंग_सायकल्सनं भागलं तर १.१ आलं, म्हणजे मिस एकामागून एक चाललेत, एका वेळी दोन क्वचितच. तालुक्यांची माहिती लिंक्ड लिस्टमध्ये ठेवलीय, पुढचा पत्ता हातात येईपर्यंत पुढचा लोड सुरूच होत नाही. ती ॲरेमध्ये मांडून परत मोजतो आणि रन ३ व ४ चे आकडे इथंच टाकतो.